दासगांवचें पाणी

इसवी सन १९२७ च्या डिसेंबर महिन्याच्या २४ तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' नांवाच्या बोटीनें निघाले आणि दुसरे दिवशीं दुपारीं दासगांवच्या बंदरांत उतरले. तेथून महाड पांच मैल. महाडच्या दुसऱ्या परिषदेचा हा प्रसंग महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांत इतका प्रसिद्ध आहे कीं, त्याचें वर्णन येथें पुन्हां करण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु या हकीकतींतील एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं मुंबईची बोट बाणकोटच्या खाडीनें आंत शिरून दासगांवाखालीं येऊन थांबत होती. आज त्या खाडीवरून आगगाडी जाते, शेजारून रुंद सडक जाते. बंदर मात्र नांवापुरतें उरलें आहे. बोट बंद पडली ती केवळ सडक झाली म्हणून, असें सांगून आपण मोकळे होतों. पण बोटीस जें पाणी लागत होतें तें कोठें गेलें, आणि तेंच पाणी दर कांहीं वर्षांनीं महाडच्या बाजारपेठेंत माणसाच्या डोक्यावरून कां वाहूं लागतें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें बव्हंशीं एकच आहेत, असें आमचें मत आहे.

प्रथम भूगोल पाहूं. सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. ज्या डोंगरावर वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्या डोंगरावरून ती सुमारें तेराशें मीटर खालीं पोलादपुराच्या खोऱ्यांत कोसळते आणि मग तिचा उतार जवळजवळ संपतो. महाडास तिला गांधारी मिळते, पुढें दासगांवच्या आसपास काळ नदी येऊन मिळते, आणि तेथून बाणकोटपर्यंत नदी म्हणावी कीं खाडी म्हणावी याचा निर्णय भरती-ओहोटीच करीत असते. डोंगरावरून धांवत आलेलें पाणी जेथें मंदावतें, जेथें तीन नद्या एकत्र होतात, आणि जेथें समुद्र दिवसांतून दोनदां उलट चालून येतो, नेमक्या त्या ठिकाणीं महाड वसलें आहे. हें स्थान मूर्खपणानें निवडलेलें नव्हे. घाटावरचा माल वरंध व पार या घाटांनीं उतरावा आणि खाडींतून तो समुद्राकडे जावा, यासाठीं याहून सोयीची जागा नव्हती. मोठीं गलबतें दासगांवापर्यंत येत, लहान मचवे भरती साधून महाडापर्यंत जात. इंग्रजांस १७५६ च्या तहानें बाणकोट व त्याच्या आसपासचीं कांहीं गांवें मिळालीं, त्यांत दासगांवचा समावेश होता. जेम्स फोर्ब्स या इंग्रज गृहस्थानें १८१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्राच्य आठवणींत या गांवाचा उल्लेख केलेला आहे. १७९६ सालीं नाना फडणवीस महाडास होते व निजामाशीं झालेला महाडचा तह तेथेंच ठरला. सारांश, पाण्यानें या मुलखास पैसा दिला, कीर्ति दिली. त्याच पाण्याची भीति बाळगण्याचा प्रसंग मात्र अलीकडे वारंवार येत आहे.

२००५ च्या जुलै महिन्याच्या २५ व २६ या तारखांस काय झालें, हें त्या तालुक्यांत कोणासहि विचारावें. मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला म्हणून सर्व देशाचें लक्ष मुंबईकडे लागलें. त्याच पावसांत महाड तालुक्यांतील जुई, कोंडिवते, रोहन आणि आमचें हें दासगांव, या गांवांवर डोंगराचा कडा सुटून आला व सुमारें दोनशें माणसें मातीखालीं गाडलीं गेलीं. २०१६ च्या ऑगस्टच्या २ तारखेस रात्रीं सावित्रीच्या पुरांत १९२८ सालचा दगडी पूल कोसळला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २०२१ च्या २२ जुलै रोजीं महाड शहर बुडालें. त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मेलीं, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. त्या वेळीं महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाणाचे दिवस होते. वरून नदी आणि खालून समुद्र अशा कचाट्यांत शहर सांपडलें.

असे पाऊस पूर्वीं पडतच नव्हते असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हवा एक अंश सेल्सिअसनें तापली म्हणजे ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या प्रसंगांची संख्या तिप्पट झाली. तेव्हां आजोबांच्या वेळचा पूर हें माप धरून घर बांधणारास यापुढें तें माप पुरणार नाहीं.

यावर हल्लीं जगांत एक उपाय विशेष बोलला जातो. पावसाचें पाणी नळांत व सिमेंटच्या गटारांत कोंडून शक्य तितक्या लवकर गांवाबाहेर लोटण्याऐवजीं, तें जेथें पडलें तेथेंच थोडा वेळ थांबवावें, मुरवावें, झाडांना पाजावें, तळ्यांत ठेवावें आणि मग सावकाश सोडावें. यासाठीं रस्त्याकडेचे उथळ गवती चर, पाझरणाऱ्या फरशा, छपरांवरील माती, पाणथळ बागा, शोषखड्डे आणि तळीं अशीं साधनें योजतात. कोपनहेगनमध्यें २ जुलै २०११ रोजीं तीन तासांच्या आंत सुमारें दीडशें मिलिमीटर पाऊस पडून शहर तुंबलें, तेव्हां तेथील नगरपालिकेनें पुढच्याच वर्षीं या पद्धतीची योजना आंखली. चीनमध्यें २०१५ सालापासून निवडक शहरांतून 'स्पंज शहर' या नांवाने हीच कल्पना राबविण्यांत आली. स्पंज जसा पाणी पितो व मग हळूहळू सोडतो तसें शहरानें करावें, असा अर्थ.

ही कल्पना वाचून आमच्या वाचकांपैकीं कोंकणांत लहानपण गेलेल्या गृहस्थांस हंसूं येईल. कारण पाण्यास मुक्काम करावयास लावण्याची विद्या या मुलखास मुळींच नवी नाहीं. महाडजवळ गांधारपाले येथें बौद्ध भिक्षूंचीं सुमारें तीस लेणीं आहेत. त्यांच्या शेजारीं डोंगरावरून येणारें पाणी सांठवण्यासाठीं पाषाणांत टांकीं कोरलेलीं आहेत. यांस जुन्या लेखांत पोढी म्हणतात. रायगडासारख्या उघड्या खडकाळ माथ्यावर राजधानी वसवितांना गंगासागर, कुशावर्त, कोळिंब, हत्ती तलाव अशीं तळीं करण्यांत आलीं. पावसाळ्यांत चार महिने आकाश फुटल्यासारखें पाणी ओतावें आणि वैशाखांत घागरभर पाण्यासाठीं डोळ्यांत पाणी यावें, अशा मुलखांत तळें हें चैनीचें नव्हे, गरजेचें साधन होतें. महाड शहराचींहि तळीं होतीं व आहेत. त्यांपैकीं चवदार तळें तर २० मार्च १९२७ पासून जगाच्या इतिहासांत गेलें आहे.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे. जुनी जलव्यवस्था फार शहाणपणाची होती असें गौरवानें सांगणारे लेख आजकाल पुष्कळ येतात, आणि ते वाचतांना जणूं कांहीं प्रत्येक तळें सर्व गांवाचें होतें असा समज होतो. तो खोटा आहे. चवदार तळ्याचें पाणी गुरांस मोकळें होतें आणि गांवच्याच हजारों माणसांस बंद होतें. दासगांवांत वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनीं महाडची पहिली परिषद भरविण्यासाठीं जी खटपट केली, ती याच पाण्यासाठीं. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला, १९२७ त तो मागें घेतला, आणि पुढें मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल होण्यास १७ मार्च १९३७ ही तारीख उजाडावी लागली. तळें हें नगरपालिकेच्या ताब्यांतील, म्हणजे सार्वजनिक आहे, आणि अमुक जातीस मज्जाव करण्याची अनादि रूढि सिद्ध होत नाहीं, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. आम्ही हें येथें आणितों तें अशासाठीं कीं, पुराच्या पाण्याला जागा ठेवावयाची म्हणजे कोणाची तरी जागा घ्यावयाची. आणि ती कोणाची घेतली जाते, व तेथें उभारलेल्या बागेंत कोणास बसूं दिलें जातें, हे प्रश्न तळ्याइतकेच जुने आहेत. नदीकांठच्या सखल वस्त्यांत कोण राहतो हें कोणत्याहि गांवांत फिरून पाहतां येतें.

असो. तळ्यांहूनहि मोठें काम भाताचीं खाचरें करीत होतीं, आणि याकडे पंडितांचें लक्ष सहसा जात नाहीं. थोडा हिशेब करूं. आंकड्यांचा वाचकांस कंटाळा येतो हें ठाऊक असूनहि करूं, कारण या विषयांत आंकडे टाळले म्हणजे केवळ भावना उरते. एक हेक्टर जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचें पाणी एक हजार घनमीटर होतें. भातखाचराच्या बांधाची, आंत उभ्या असलेल्या पाण्यावर, चार बोटें, म्हणजे सुमारें दहा सेंटीमीटर उंची शिल्लक असेल, तर एक हेक्टर खाचर हें शंभर मिलिमीटरांचें पाणी जागच्या जागीं धरून ठेवतें. एक चौरस किलोमीटर खाचरें एक लक्ष घनमीटर पाणी अडवतात. आतां एक हेक्टर पसरलेलें तळें घ्या आणि पावसापूर्वीं तें एक मीटर रिकामें आहे असें समजा. त्यांत दहा हजार घनमीटर मावेल. म्हणजे गांवाबाहेरचीं एक चौरस किलोमीटर खाचरें मातीच्या भरावाखालीं गेलीं, तर गांवानें अशीं दहा तळीं गमावलीं! एखादें तळें बुजवूं लागले तर निदान कोणी तरी वर्तमानपत्रांत पत्र लिहितो; खाचरांत मुरूम टाकून प्लॉट पाडले तर त्यास विकास म्हणतात.

खाडीकांठीं आणखी एक व्यवस्था होती. खाऱ्या पाण्यास अडविणारे मातीचे बांध आणि ओहोटीच्या वेळीं आंतलें गोडें पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या यांच्या आधारावर कुलाबा जिल्ह्यांतील खारजमिनी पिकत आल्या; त्यांसाठीं १९४८ सालीं मुंबई सरकारनें स्वतंत्र कायदा केला. बांधाबाहेर तिवरांचें रान असे. भरतीचा लोंढा प्रथम या रानांत शिरून मंदावे. घरांचीं जोतीं उंच असत, धान्य माळ्यावर असे. पूर येणारच, तो आंत आला तरी नासाडी फार होऊं नये, अशी ही वृत्ति होती. तिला कोणी दैववाद म्हणेल. आम्ही तिला व्यवहार म्हणतों.

मग हा व्यवहार सुटला कसा? याचा इतिहास मुंबईंत पाहावा. धोबीतलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव हीं आज ठिकाणांचीं नांवें आहेत. एके काळीं तेथें खरोखरीचीं तळीं होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नळाचें पाणी आलें, तळ्यांचें पाणी घाण झालें, आणि तीं बुजविण्याकडे कल वाढला. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं मुंबईंतील हिंवतापाविषयीं अहवाल दिला. त्यानंतर सांठलेल्या पाण्याविषयीं जें भय उत्पन्न झालें तें अकारण नव्हतें. हिंवतापानें मुलें मरत असतां तळ्याच्या सौंदर्याविषयीं बोलणें निर्दयपणाचें ठरलें असतें. तथापि त्याच सुमारास एक मनुष्य निराळें सांगत होता. स्कॉटलंडहून आलेले प्रो. पॅट्रिक गेडिस १९१५ पासून हिंदुस्थानांतील शहरें पाहत फिरत होते. पुढें १९१९ सालीं ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तळें घाण झालें तर तें साफ करा, त्यांत मासे सोडा, पण बुजवूं नका. तें हवा थंड ठेवतें आणि पावसाचें पाणी सामावून घेतें, असें त्यांचें सांगणें होतें. गेडिस यांच्याहि आधीं, १८७८ पासून पुढें, अमेरिकेंत बोस्टन शहरीं ओल्मस्टेड नांवाच्या उद्यानकारानें दुर्गंधीनें भरलेल्या एका खाजणाचें रूपांतर पुराचें पाणी सामावणाऱ्या पाणथळ उद्यानांत केलें होतें. तेव्हां तळ्यास दुसरा मार्ग नव्हता असें नाहीं. बुजविण्यांत जमीन मिळत होती, आणि मुंबईंत जमिनीचा भाव काय असतो हें सांगावयास नको.

मुंबईनें जें केलें त्याचें अनुकरण पुढें लहान गांवांनीं केलें, हें आम्हांस अधिक खेदकारक वाटतें. मुंबईच्या पावसाळी गटारांची जुनी योजना तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून केलेली होती. १९९३ सालच्या अहवालांत ती ५० मिलिमीटरांस नेण्याची शिफारस झाली. २६ जुलै २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली व तिनें मिठी नदीच्या पात्रावरील अतिक्रमणापासून गटारांपर्यंत सर्व गोष्टींची चर्चा केली. चितळे समितीचा अहवाल मुंबईपुरता होता. दासगांवच्या वाट्यास तसा विस्तृत विचार आला नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ही हरित पद्धति महाडास तारील काय? आमचें उत्तर 'होय' असेंहि नाहीं आणि 'नाहीं' असेंहि नाहीं. तें पाणी कोणतें यावर अवलंबून आहे.

एक पाणी गांवावर पडणारें. एका चौरस किलोमीटरच्या गांवावर तासाभरांत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर पाणी होतें पन्नास हजार घनमीटर. वर सांगितल्याप्रमाणें एक हेक्टरचीं पांच तळीं, किंवा थोडीं तळीं, थोडीं मैदानें, शाळांचीं पटांगणें, रस्त्याकडेचे वाळा व गवत लावलेले चर, असें मिळून हें पाणी सामावतां येतें. शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला कीं दहा हजार लिटर पाणी होतें. तें सरळ रस्त्यावर सोडण्याऐवजीं टांक्यांत घेतलें तर उन्हाळ्याचीहि थोडी सोय होते. बाजारपेठेंत गुडघाभर पाणी दर पावसाळ्यांत तुंबतें तें याच पहिल्या प्रकारचें, आणि त्यावर हा उपाय स्वस्त व खात्रीचा आहे. हें लहान काम नव्हे. दुकानदाराचें नुकसान मोठ्या पुरानें एकदां होतें, लहान तुंबण्यानें दरवर्षीं होतें.

दुसरें पाणी नदीचें. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरावर पडलेला ५९४ मिलिमीटर पाऊस धरला, तर डोंगराच्या एकेका चौरस किलोमीटरवर पांच लक्ष चौऱ्याण्णव हजार घनमीटर पाणी उतरलें. त्यास आमच्या हिशेबाचीं जवळजवळ साठ तळीं लागतील, आणि तींहि केवळ एका चौरस किलोमीटरसाठीं! जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत कोंकणांतील माती आधींच पाण्यानें गच्च भरलेली असते; पिळल्यावांचून स्पंज दुसऱ्यानें पाणी पीत नाहीं. महाड बुडण्याच्या दोनच दिवस आधीं, २० जुलै २०२१ रोजीं, चीनमधील झेंगझौ शहरांत एका तासांत २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. त्या शहरानेंहि स्पंज योजनेवर पुष्कळ द्रव्य खर्चिलें होतें. तरी भुयारी रेल्वेंत पाणी शिरून माणसें बुडालीं. यावरून ती योजना फुकट होती असें कांहीं लोकांनीं म्हटलें. तें बरोबर नव्हे. छत्री वादळांत मोडली म्हणून पावसांत छत्री निरुपयोगी ठरत नाहीं. पण वादळांत छत्रीवर विसंबूं नये, इतकें तरी सिद्ध झालें.

नदीच्या पुरास उपाय एकच, तो म्हणजे नदीला रुंद होण्यास जागा. हॉलंड देशांत १९९३ व १९९५ सालीं मोठे पूर आले, दुसऱ्या वेळीं सुमारें अडीच लक्ष लोकांस घरें सोडावीं लागलीं. बांध घालण्यांत जगांत अग्रेसर असलेल्या त्या राष्ट्रानें त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजीं तीसहून अधिक ठिकाणीं ते मागें हटविले, पात्रें मोकळीं केलीं, आणि एका ठिकाणीं तर शेतकऱ्यांनीं मातीचीं टेकाडें रचून त्यांवर नवीं घरें बांधलीं व भोंवतालचीं शेतें पुरास मोकळीं सोडलीं. आमच्या उंच जोत्यांची आठवण कोणास होणार नाहीं?

सावित्रीला जागा कोठें उरली आहे हें दासगांवांत पाहावें. कोंकण रेल्वेचा रोहा ते वीर हा भाग १९९३ सालीं सुरू झाला. पुढें दक्षिणेस रूळ नेतांना दासगांवच्या बाजूस खाडी ओलांडावी लागली. या रेल्वेच्या भरावामुळें पुराचें पाणी अडतें, त्यास आणखी मोऱ्या ठेवाव्यात, अशी महाडकरांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. रेल्वेनें कोंकणचें किती कल्याण केलें हें आम्ही जाणतों. मुंबईच्या चाकरमान्यास गणपतीला घरीं जाणें तिच्यामुळें सोपें झालें. परंतु रुंद सखल भूमीवरून पसरून जाणाऱ्या पाण्यास मातीच्या भिंतीनें अडवून थोड्या कमानींतून जावयास लावलें, तर भिंतीच्या वरच्या अंगास पाण्याचा फुगवटा होणारच. हें समजण्यास अभियंता असावें लागत नाहीं. फुगवटा किती इंचांचा कीं किती फुटांचा, हें मात्र अभियंत्यानेंच मोजावें, आणि तें मोजमाप लोकांपुढें मांडावें. जुना दगडी पूलहि याच दृष्टीनें विचार करण्यासारखा होता. तो ८८ वर्षें उभा राहिला, आणि तो पडल्यावर १६५ दिवसांत नवा पूल बांधून झाला. पूल इतक्या त्वरेनें बांधतां येतो; पूररेषेची अंमलबजावणी मात्र दशकानुदशकें लांबते. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल रेषा आपल्या पाटबंधारे खात्यानें सांगितलेल्या आहेत. निळ्या रेषेच्या आंत घर बांधूं नये असा नियम आहे. नकाशावरची रेषा पावसाळ्यांत नदीला दिसते, उन्हाळ्यांत बांधकाम करणारास दिसत नाहीं.

तिसरें पाणी डोंगराचें, आणि याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक चिंता वाटते. घाटमाथ्यापलीकडे, देशावर, डोंगरउतारावर सलग समतल चर खणून पाणी मुरविण्याची चळवळ फार यशस्वी झाली. दुष्काळी गांवें त्यानें सुधारलीं. तेंच तंत्र उत्साहानें कोंकणांत आणून दासगांवासारख्या गांवाच्या माथ्यावर चर खणले तर काय होईल? तेथें काळ्या पाषाणावर मातीचा व कुजक्या दगडाचा थर बसलेला आहे. अतिवृष्टींत तो थर पाण्यानें जड होतो, आंतलें घर्षण कमी होतें, आणि तो पाषाणावरून घसरतो; २००५ च्या दरडींचें कारण हेंच. तेथें पाणी आणखी मुरविणें म्हणजे सुटूं पाहणाऱ्या कड्यास मदत करणें होय. मैदानांत जें पुण्य तें तीव्र उतारावर पाप ठरूं शकतें! वस्तीच्या माथ्यावर पाणी मुरविण्याचे नव्हे, तर पाण्यास बाजूच्या पऱ्ह्याकडे वळवून नेणारे चर हवेत. खोल मुळांचीं झाडें हवींत. घरासाठीं वा रस्त्यासाठीं उतार तोडला असेल तेथें पाणी झिरपूं देणारी भिंत हवी. आणि जो उतार भेगाळला आहे त्याखालून माणसें हलविण्याची तयारी हवी. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हें वचन सर्व महाराष्ट्रानें पाठ केलें आहे. कोठें अडवूं नये व कोठें जिरवूं नये, याचा पाठ अजून कोणीं घातलेला नाहीं.

हीं तिन्ही पाण्यें एकाच खात्याकडे नाहींत, हीही अडचण आहे. गांवावरचें पाणी नगरपालिकेकडे, नदीचें पाटबंधारे खात्याकडे, डोंगराचें महसूल व वनखात्याकडे, खारबांध आणखी निराळ्या खात्याकडे, भराव रेल्वेकडे, आणि सडक महामार्गवाल्यांकडे. खाचरांतून मात्र तेंच एक पाणी सर्वांच्या हद्दींतून जात असतें.

२०२१ च्या पुरानंतर सावित्रीच्या पात्रांतील गाळ उपसण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तें अवश्य होतें; ज्या खाडींत एके काळीं 'पद्मावती' आली तेथें बेटें वाढलीं आहेत. परंतु गाळ येतो डोंगरावरून, आणि दरवर्षीं येतो. म्हणून हें काम एकदां करून संपणारें नव्हे, तें देवळाच्या रंगासारखें पुन्हां पुन्हां करावें लागणार. शिवाय उपसलेला गाळ टाकावयाचा कोठें, हाही प्रश्न आहे. जवळ पडतें म्हणून तो नदीकांठच्या सखल शेतांत टाकला, तर पात्रांत जेवढी जागा मिळविली तेवढीच कांठावर गमावली जाते, आणि वर प्लॉट पाडावयास भरलेली जमीन आयती मिळते. त्यापेक्षां त्यांतील रेती-गोटे ज्यांचीं घरें दर पुरांत बुडतात त्यांच्या नव्या घरांच्या जोत्यांखालीं घालावेत. तीनचार फूट उंच जोत्यास पुष्कळ भर लागते, आणि ती विकत घेण्याची ऐपत त्या माणसांस नसते.